साट्यात हुंडा नसतो

खेजडासरची ढाणी
९ एप्रिल २०१२

सुगना,

तू फोन उचलत नाहीस म्हणून लिहिते आहे. एका अर्थी बरंच झालं. उचलला असतास तर मी नुसती ओरडले असते आणि तू ठेवून दिला असतास. कागदावर ओरडता येत नाही, सांगावं लागतं.

काल दुपारी आपल्या काट्याच्या फाटकापाशी पोलिसांची गाडी थांबली. रामनिवास जिरं घेऊन बाजाराला गेला होता. मला वाटलं, खालच्या वस्तीतल्या नैनीच्या नवऱ्याला न्यायला आलेत. गेल्या आठवड्यात त्यानं तिला चाऱ्याच्या दोरीनं मारलं होतं. खरं सांगते, मला आनंद झाला. म्हटलं, कुणीतरी कळवलं शेवटी.

हवालदारानं विचारलं, "धापू कोण?"

"माझी सून. का?"

"तिच्यावर केस आहे. हुंड्यासाठी भावजयीला छळल्याची."

"कुठल्या भावजयीला?"

त्यानं कागद बघितला. "सुगना. राहणार सध्या जयपूर."

"अहो, सुगना माझी मुलगी आहे."

त्यानं परत कागद बघितला, मग माझ्याकडे, मग घराकडे. त्याच्याबरोबर एक बाई शिपाई होती, आपल्याच भागातली असावी. ती आधी हसली आणि मग तिनं तोंडावर हात ठेवला. "म्हणजे आजी, फिर्यादीचं माहेर हेच आणि आरोपीचं सासरही हेच?"

"हो. साटंलोटं आहे."

"मग साहेब," ती हवालदाराला म्हणाली, "पकडायचं कुणाला आणि प्यायला पाणी मागायचं कुणाकडे?"

तेवढ्यात धापूच पाणी घेऊन आली. ओढणी हनुवटीपर्यंत ओढलेली, एका हातात तांब्या, दुसऱ्यात पेले. म्हणाली, "पाणी आरोपीच्याच हातचं आहे, बाई. चालत असेल तर प्या. मग न्या."

त्यांनी पाणी प्यायलं आणि नेलं. मीही मागे बसले, मांडीवर धापूची पोरगी. अख्खी ढाणी छपरांवर चढून बघत होती.

ठाण्यात त्या बाईनं फिर्याद मोठ्यानं वाचून दाखवली. नणंद धापू केस धरून मारायची. नणंद धापू जेवणाचं ताट ओढून घ्यायची. वयात आल्यावर मुकलाव्याची पाठवणी होऊन धापू या घरात आली तेव्हापासून ती सणालासुद्धा माहेरी चार दिवसांवर राहिलेली नाही, आणि तुझं सासर इथून बसनं अर्ध्या दिवसावर. मी धापूकडे बघितलं. ती ओढणीआडून हळूच म्हणाली, "माँजी, इथून हात लांब केला असेल मी."

कुणीतरी हसलं. मला हसू आलं नाही.

सरपंचांनी हमी दिली, संध्याकाळी आम्हाला सोडलं. घरी आल्यावर धापूनं गाईचं दूध काढलं, भाकरी केल्या, पोरीला भरवलं. त्या पोरीचं नाव दिव्या. आठवतं का, ते नाव तू ठेवलंस. धापू ही तिच्या घरातली चौथी मुलगी, म्हणून "आता पुरे" अशा अर्थाचं नाव तिच्या कपाळी मारलं. तू बाळंतिणीच्या खाटेपाशी उभी राहून सगळ्यांना बजावलंस, "या मुलीला असं नाव देऊ नका की जन्मभर तिला आपल्या असण्याची माफी मागावी लागेल." मला तेव्हा तुझा केवढा अभिमान वाटला होता!

आणि आता त्याच धापूचं नाव तू पोलिसांच्या कागदात घातलंस.

मला एवढंच कळव. हे तू केलंस, का तुझ्या नावानं दुसऱ्या कुणी केलं? दुसऱ्या कुणी केलं असेल तर मी आजच त्याच्या दारात जाऊन बसते.

तुझी आई
केसर


१४ एप्रिल

सुगना,

तुझ्याऐवजी तुझा मामा आला. जयपूरहून कांद्याच्या कचोऱ्यांचा डबा घेऊन. भागीरथ कचोऱ्या घेऊन आला की काहीतरी मागायला आलेला असतो, हे मी लहानपणापासून बघत आले आहे.

बसल्या बसल्या म्हणाला, "केसर, घाबरायचं काही नाही. धापूचं नाव चुकून पडलंय. काढून घेऊ."

"आणि पतासीचं?"

"पतासीचं राहू दे. सासू लागतेच."

"लागते म्हणजे?"

"केसला लागते."

असं म्हणाला, जसं भाजीला मीठ लागतं.

मग त्यानं मला समजावलं. सुगनाला महिपालबरोबर राहायचं नाही. ती आता शाळेत शिकवते, तो मकराण्यात संगमरवर कापतो, दोघांचं जमत नाही. पण साट्यात एक लग्न मोडलं की दुसरंही मोडायचं. सुगना सासरहून निघाली की ते लोक धापूला ओढून नेणार, मग रामनिवास हात चोळत बसणार. म्हणून आधी केस टाकायची. माणसं आत गेली की ताठा उतरतो. मग मुकाट्यानं सुगनाला सोडचिठ्ठी देतील आणि धापूला न्यायला यायची हिंमत करणार नाहीत. मुलगी सुटली, सून राहिली. "तू फक्त जबाबात एवढं म्हण," तो म्हणाला, "लग्नात मोटारसायकल दिली, सोनं दिलं, तरी त्यांचं पोट भरलं नाही, पोरीला उपाशी ठेवलं."

"भागीरथ," मी म्हटलं, "कुठली मोटारसायकल?"

"अगं, म्हणायची."

"साट्यात कधी हुंडा असतो का? हुंडा द्यायला नको म्हणूनच तर साटं करतात. तुमची पोरगी आम्हाला, आमची तुम्हाला, फिटंफाट. मांडवात तूच उभा होतास. एका मांडवात दोन्ही लग्नं लागली. दोन्हीकडून एक ओढणी आणि एक नारळ, एवढंच दिलं गेलं. आपल्याकडच्या शेंबड्या पोराला विचार, तोही सांगेल, साट्यात हुंडा नसतो."

"न्यायाधीशाला कुठं माहीत आहे? बाहेरचा माणूस आहे तो."

मी कचोऱ्यांचा डबा त्याच्या हातात परत दिला. जाता जाता तो म्हणाला, "केसर, तू आई आहेस का दुश्मन?" मी म्हटलं, "ते सुगनाला ठरवू दे. तू बस पकड."

तो गेल्यावर मी पतासीला भेटायला गेले. तिला आणि महिपालला आत ठेवलंय, जामिनाची तारीख लांब आहे. जाळीच्या पलीकडे ती उभी होती. नथ काढून घेतली होती, हातात बांगडी नाही. मला बघून आधी तिनं ओढणी सारखी केली. कैदेत असली तरी विहिणीसमोर उघड्या डोक्यानं उभी राहायला लाज वाटली तिला.

तीच म्हणाली, "विहीणबाई, मी तिला मास्तरीणबाई म्हणायचे. मास्तरीणबाई, भाकरी करपली. मास्तरीणबाई, म्हशीला पण शिकवा दोन अक्षरं. जीभ वाईट आहे माझी, मान्य आहे. पण त्याचं एवढं लागलं का हो तिला?"

सुगना, पतासीची जीभ वाईट आहे, हे मलाही माहीत आहे. माझ्या दळणालाही ती नाव ठेवून गेलेली आहे. पण तू शिक्षिकेचं शिक्षण घेत होतीस तेव्हा तुझ्या वाट्याच्या म्हशी कोण पिळत होतं? थंडीत अंधारातून बसथांब्यापर्यंत तुझ्याबरोबर कोण चालत यायचं, कुत्री मागे लागतात म्हणून हातात काठी घेऊन? तू मला ते स्वतः हसत हसत सांगायचीस. "आई, माझी सासू शिव्या घालत घालत मला शाळेत पोचवते."

फिर्यादीत त्याच बाईनं तुला उपाशी कोंडून ठेवलंय.

महिपालनं तुझ्यावर हात उगारला असेल तर मला लिही. एकदा जरी उगारला असेल तरी लिही. मी स्वतः चालत ठाण्यात जाईन आणि तुझ्या बाजूनं पहिला जबाब माझा असेल. पण घडलेलं लिही.

केसर


आखातीज

सुगना,

तुझ्या चार ओळी मिळाल्या. शाळेच्या वहीचा कागद, ओळखीचं अक्षर. मी त्या चुलीपाशी बसून वाचल्या, मग बाहेर जाऊन खेजडीच्या झाडाखाली वाचल्या. वेगळं काही निघालं नाही.

"आई, हात उगारला नाही. पण मी त्याची कधी नव्हतेच, मला कुणी विचारलं होतं का? धापूचं नाव काढा म्हणून मी वकिलाच्या मुन्शीला सांगितलं होतं. तो म्हणाला, नणंद नसली तर केस अपुरी वाटते. मी सही केली."

ही शेवटची ओळ मला खायला उठली आहे. तू मला अक्षर शिकवलंस, आठवतं? तुझं पहिलीचं पुस्तक मधे ठेवून, दोघी एकाच खाटेवर पालथ्या पडून. तुझे वडील म्हणायचे, "दोन पोरी शाळेत जातात या घरात." त्यांच्या छातीत तेव्हा खाणीची धूळ भरायला लागली होती. हसले की खोकायचे, तरी हसायचे. त्या वेळी तू मला पहिली गोष्ट काय सांगितलीस? "आई, आता तुला वाचता येतं. वाचल्याशिवाय कशावर सही करू नकोस." मी ते पाळलं. ते गेल्यावर त्यांच्या खाणीच्या मालकानं माणूस पाठवला, भरपाई नको अशा कागदावर अंगठा द्या म्हणाला, तर मी आधी अख्खा कागद वाचला आणि मग फाडला. ती हिंमत मला तुझ्यामुळे आली होती.

आणि तू वाचलंस, खोटं आहे हे तुला कळलं, आणि तरी सही केलीस. अंगठेबहाद्दर बाईला निदान माहीत नव्हतं असं म्हणता येतं.

आता तुझ्या दुसऱ्या ओळीबद्दल. तुला कुणी विचारलं नव्हतं. खरं आहे. आज आखातीज, अक्षय्य तृतीया, याच दिवशी तुझं लग्न झालं. तू तेरा वर्षांची होतीस, शाळेचा निळा फ्रॉक उतरवून घागरा नेसवला तुला. वडील आजारी, रामनिवासला मुलगी मिळत नव्हती. मिळणार कुठून? आपल्या पंचक्रोशीत दाई मुलींना जगू देईल तर ना! तेव्हा तुझ्या मामानं साटं आणलं आणि वडिलांनी हो म्हटलं. मला विचारलं नाही, पण तुझ्या आणि धापूच्या दोघींच्याही हातांवर मेंदी मी काढली. तुला राग येणं बरोबर आहे. तू लहानपणीच भावाच्या संसाराच्या बदल्यात दिली गेलीस, आणि त्या मुलीला तुझ्या बदल्यात इथं आणलं. या रागाला मी खोटा म्हणणार नाही.

पण मग त्या रागाचं भांडण कुणाशी आहे? देणारे कोण? तुझे वडील, तुझा मामा आणि मी. वडील गेले. मामा तुझ्या शेजारी बसून फिर्याद लिहवतोय. मी इथं बसले आहे, पत्ता तुला माहीत आहे. आमच्यातल्या एकाचंही नाव तू त्या कागदात घातलं नाहीस. नाव कुणाचं घातलंस? शिव्या घालत तुला शाळेत पोचवणाऱ्या म्हातारीचं. आणि जिला तुझ्याइतकंच, तुझ्याच दिवशी, न विचारता उचलून आणलं त्या धापूचं.

काल महिपालचे काका आले होते, दोन माणसांना घेऊन. अंगणातही आले नाहीत, फाटकाशीच उभे राहिले. रामनिवासला म्हणाले, "आमची पोरगी बाहेर काढ. साटं मोडलं. तुमच्या पोरीनं मोडलं." मग धापूला हाक मारून म्हणाले, "धापू, गाडीत बस. उद्या ठाण्यात जाऊ. त्यांनी जे आपल्याबद्दल लिहिलंय तेच तू यांच्याबद्दल लिहायचं. शब्दही बदलायची गरज नाही. सासू केसर, नवरा रामनिवास. यांनाही कळू दे आतली भाकरी कशी असते."

तुझा भाऊ शेतात बैलासारखा राबतो, पण असल्या वेळी त्याची वाचा बसते.

धापू दारात आली. म्हणाली, "काकाजी, भांडं चुलीवर आहे. जळेल." आणि आत गेली.

ते थोडा वेळ वाट बघत उभे राहिले आणि गेले. परत येतो म्हणाले. रात्री मी धापूला विचारलं, "जाणार का?" ती म्हणाली, "माँजी, मला झोप येतेय." सुगना, मला झोप लागली नाही. धापू गेली तर या घरात काय उरतं ते तुला माहीत आहे. दिव्या जाईल. रामनिवास खाटेवर बसून राहील, वडिलांसारखा, फक्त खोकल्याशिवाय. आणि मी परत एकटी, या वेळी जिवंत माणसांमधे.

केसर


५ मे

सुगना,

हे पत्र नैनीसाठी आहे. तिला लिहिता येत नाही आणि तिचं तुझ्याशी काही भांडण नाही, म्हणून तिचा राग मीच लिहिते.

परवा ती आपल्याकडे आली तेव्हा तिचा डावा हात कोपराखाली वेगळ्याच दिशेला वळलेला होता. नवऱ्यानं उखळाच्या मुसळानं मारलं होतं. कारण काय, तर तिच्या भावानं गेल्या राखीला पंखा पाठवला नाही. पंखा, सुगना. विजेचा पंखा, आणि त्या घरात वीज दिवसातून चार वेळा जाते.

मी तिला घेऊन ठाण्यात गेले. ठाणेदार नवीन आहे, पण ऐकलेलं सगळं जुनं आहे. मला बघितल्याबरोबर म्हणाला, "अरे, या तर साट्यात हुंडा देणाऱ्या आजी! या या. आज काय दिलंत? ट्रॅक्टर?"

खोलीत सगळे हसले. बाई शिपाई नव्हती त्या दिवशी.

मी म्हटलं, "साहेब, या पोरीचा हात बघा."

"बघतोय. पडली असेल."

"मुसळावर कोण पडतं?"

"आजी, आमच्याकडे रोज येतात. अर्ध्या तुमच्या मुलीसारख्या. उद्या मी हिच्या नवऱ्याला आत टाकतो, परवा कळतं सगळं बनवलेलं होतं, मग वरून बोलणी मला. तिला म्हणा घरी जा, नवऱ्याशी नीट वाग."

नैनी हात छातीशी धरून माझ्याकडे बघत होती. ती मला घेऊन आली नव्हती, मी तिला घेऊन गेले होते. मीच तिला सांगितलं होतं, "बायकांसाठी कायदा आहे, चल."

हा कायदा कुणी आकाशातून टाकलेला नाही. मी वाचलंय. तू कॉलेजात असताना जी मासिकं आणायचीस, ती मी चुलीत घातली नाहीत, एकेक करून वाचली. दिल्लीत जळालेल्या मुलींच्या आया मुलींचे फोटो गळ्यात अडकवून रस्त्यावर बसल्या होत्या. लोक त्यांना हसायचे, घरच्या भानगडी चव्हाट्यावर आणता म्हणायचे. त्यांनी हा कायदा मिळवला. नैनीसारख्यांसाठी मिळवला. त्यात लिहिलेलं एकेक वाक्य कुणाच्या तरी पोरीच्या अंगावर घडलेलं आहे. आणि तुझ्या मामाच्या वकिलाचा मुन्शी तीच वाक्यं उचलून, कुठलंही नाव घालून, टेबलावरून सरकवतो.

तू म्हणशील, ठाणेदार नालायक आहे, त्यात माझा काय दोष? ठाणेदार नालायक आहेच. त्याला काम न करायला कारण हवंच होतं. ते कारण तू त्याच्या हातात दिलंस. आता तो प्रत्येक मोडलेल्या हाताला सांगेल, तुमच्यासारख्या खोटं बोलतात. आणि जी पुरुषमंडळी पारावर बसून हुक्का ओढत म्हणतात, "बघा, बायकांना डोक्यावर चढवलं की असं होतं," त्यांनाही तूच दिलंस. परवा मी तिथून जात होते तर एकजण मुद्दाम मोठ्यानं म्हणाला, "कायदाच काढून टाकला पाहिजे." मी थांबले. म्हटलं, "चाकूनं एकीनं बोट कापलं म्हणून सगळ्यांची भाजी चिरायची बंद करता का? तुझी बहीण तर गेल्या साली विहिरीत सापडली ना?" पण मी घरी येऊन रडले, कारण त्याला बोलायची संधी माझ्या घरातून मिळाली होती.

नैनीचा हात आता शहराच्या दवाखान्यात बांधलाय. ती परत त्याच घरात गेली. कुठं जाणार?

केसर


१९ मे

सुगना,

काल माझा जबाब झाला. दंडाधिकारी बाईंपुढे. भागीरथ बाहेर व्हरांड्यात होता, नवा फेटा बांधून. मला म्हणाला, "शेवटचं सांगतो केसर, पोरीची नोकरी जाईल. खोटी फिर्याद ठरली तर तिच्यावरच उलटेल." त्याचा हात बरोबर लागतो, मला कुठं दुखतं ते त्याला माहीत आहे. तुझी नोकरी म्हणजे काय ते मला कुणी सांगायला नको. तू पहिल्या दिवशी शाळेत गेलीस तेव्हा मी वडिलांच्या फोटोपुढे गूळ ठेवला होता.

तरी आत गेले.

बाईंनी विचारलं, "मुलीच्या लग्नात काय दिलं?"

मी म्हटलं, "मुलगी दिली."

"ते कळलं. हुंडा?"

"साहेब, साट्यात हुंडा नसतो. मुलीच्या बदल्यात मुलगी असते. माझी दिली, त्यांची घेतली. दोघींना कुणी विचारलं नाही. मोटारसायकल नव्हती, सोनं नव्हतं. सासूनं उपाशी ठेवलं नाही, सासूनं म्हशी पिळल्या. नणंदेनं केस ओढले नाहीत, नणंद माझ्या घरात माझी भाकरी करत होती. माझ्या मुलीला तिथं राहायचं नाही, तिचं मन नाही. एवढंच खरं आहे आणि एवढं पुरेसं असायला हवं."

त्यांनी लिहिणं थांबवून माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "आणि तेरा वर्षांची पोर बदल्यात देणाऱ्यासाठी एखादं कलम असेल तर त्यात माझं नाव लिहा. पहिलं माझं. मग बाहेर बसलेल्या माझ्या भावाचं."

त्या हसल्या नाहीत. जबाब मला वाचून दाखवणार होत्या, मी म्हटलं, द्या, मी वाचते. सगळा वाचला. मग सही केली.

पतासीला आणि महिपालला आज जामीन मिळाला. मी कोर्टाच्या फाटकापाशी थांबले होते. महिपाल मान खाली घालून पुढे गेला. पतासी थांबली. मला मिठी मारली असं लिहिलं तर खोटं होईल. म्हणाली, "विहीणबाई, तुमच्या मुलीनं मला आत घातलं, तुम्ही बाहेर काढलं. आता शिव्या कुणाला घालू तेच कळेना." मी म्हटलं, "मला घाला, सवय आहे." त्यावर ती थोडी हसली असावी. ओढणीमुळे दिसलं नाही.

तिथंच महिपालचे काकाही होते. मी सगळ्यांसमोर सांगितलं, आणि ढाणीच्या पंचांनाही आज कळवलंय. सुगनाला जायचं असेल तर सुगना सुटी. तिच्या बदल्यात धापू परत जाणार नाही आणि तिच्या बदल्यात धापू राहणारही नाही. साटं मी मोडलं. दोघी वेगळ्या. पंच म्हणाले, असं कधी झालं नाही. म्हटलं, तेरा वर्षं झाली, आता होऊ दे.

मग संध्याकाळी मी धापूला समोर बसवलं. ओढणी वर करायला सांगितली. इतक्या वर्षांत मी उजेडात तिचा चेहरा पूर्ण बघितला नव्हता, तिच्या भुवईवर एक तीळ आहे. मी म्हटलं, "धापू, तुला कुणी आणलं म्हणून तू आलीस. आता कुणी नेतं म्हणून जाऊ नकोस आणि मी म्हातारी आहे म्हणून थांबूही नकोस. तुला इथं राहायचंय का?"

रामनिवास दारात उभा होता.

मला वाटलं होतं, ती लगेच म्हणेल, हे काय विचारणं झालं माँजी, माझं घर आहे हे. मी त्या उत्तराची वाट बघत होते, लाळ गळावी तशी. ती खूप वेळ दिव्याच्या केसांतून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "विचार करून सांगते."

आणि उठून गाईकडे गेली.

सुगना, या घरात एखादी बाई "विचार करून सांगते" असं म्हणाली, हे मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. माझा जीव टांगणीला लागलाय. रामनिवास अजून जेवला नाही. ती जाईलही. गेली तर घर रिकामं होईल आणि मी दिव्याशिवाय मरेन. तरी मी तिला घाई करणार नाही. भाकरी ती करते, विचारही ती करू दे.

पुढची तारीख दोन जूनला आहे. तू ये. मामाला आणू नकोस, मुन्शीला आणू नकोस. स्वतःच्या तोंडानं सांग की फिर्याद खोटी होती. त्याची शिक्षा काय होईल ते मला माहीत नाही, जी होईल ती भोग, मी शेजारी उभी राहीन. मग त्याच कोर्टात, स्वतःच्या नावानं, सोडचिठ्ठी माग. कारण विचारलं तर सांग, मला तेरा वर्षांची असताना दिलं होतं आणि मी कधी हो म्हटलं नव्हतं. ते खरं आहे, त्याला साक्षीदार मी आहे. आणि बाहेर आलीस की नैनीच्या घरी जा. तुला लिहिता येतं. तिचा हात कसा मोडला ते तिच्या तोंडून ऐकून जसंच्या तसं लिही आणि तिला वाचून दाखव, आणि ती हो म्हणाली तरच तिला अंगठा लावू दे.

माझा राग गेलेला नाही. त्याला बसायला जागा ठेवली आहे, तुझ्याच खाटेच्या बाजूला. तरी ये.

केसर